विचारल्याशिवाय गाणं नाही

समोरच्या ताडपत्रीखाली औदाची तार वाजली, तेव्हा हज्जा रस्मिया पीठ मळत होती. आधी तिला वाटलं, कानच वाजले. मग दुसरी तार वाजली, तिसरी वाजली, आणि पंधरा-वीस पोरांनी एकदम सूर लावला, तशी ती पिठाच्या हातांनीच उठली.

मयताच्या दारासमोर गाणं!

आता दार नव्हतं ही गोष्ट खरी. तंबू होता, आणि दाराच्या जागी राखाडी घोंगडी लटकत होती. पण दार गेलं म्हणून रीतही गेली की काय? सहर जाऊन, रस्मियाची एकुलती एक लेक जाऊन, अजून चाळिसावा उलटला नव्हता. गावी, बैत हानूनला, त्यांच्या गल्लीत कुणी गेलं, तर कोपऱ्यावरचा न्हावी न सांगता रेडिओ बंद करायचा. ठरलेलं लग्न पुढे ढकलायचं, आणि अगदीच ढकलता येत नसेल तर नवरी खालमानेनं, एक टाळी न वाजवता, मागच्या रस्त्यानं न्यायची. हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आईच्या दुधाबरोबर पोटात जात होतं.

"घरं पाडली ती त्यांनी," ती पुटपुटली, "पण अक्कल तर आपली आपणच घालवलीय."

ती निघाली आणि तिच्या मागे मयार निघाली. निघणारच. सहरची ही दहा वर्षांची लेक. बाप युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात गेलेला. आईला पुरल्यापासून पोरगी आजीच्या नमाजाच्या झग्याचं टोक मुठीत धरून होती. पाण्याच्या रांगेत टोक, सरपण वेचताना टोक, संडासाच्या रांगेत टोक. झोपेतही मूठ सुटायची नाही, आणि जागेपणी ते टोक तोंडात घालून चघळायची. रस्मिया तिला "माझी शेपटी" म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

ताडपत्रीखाली पोरं गोल करून वाळूत बसली होती. मध्ये एक काटकुळा माणूस, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, मांडीवर औद, आखूड दांड्याचं फुगीर तंतुवाद्य. उस्ताद वदीअ म्हणत त्याला. युद्धाआधी शाळेत संगीत शिकवायचा.

"ए, बंद कर ते!"

तार थांबली. पोरं थांबली. एक बारकं मात्र डोळे मिटून एकटंच गात राहिलं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

"अस्सलाम अलैकुम, हज्जा..."

"सलाम राहू दे खिशात. कुणाला विचारून चाललंय हे?"

"छावणीच्या समितीला विचारलंय. या जागेसाठी..."

"जागेचं कोण बोलतंय? समोर त्या घोंगडीमागे कोण बसलंय, कशासाठी बसलंय, कधी डोकावून बघितलंस?"

वदीअनं घोंगडीकडे पाहिलं, मग तिच्या पिठानं माखलेल्या हातांकडे. त्याचा चेहरा उतरला. "माफ करा, हज्जा. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं! गाझा शहरातला ना तू? रिमालचा?"

"हो."

"वाटलंच. तुमच्या तिकडे वरच्या मजल्यावर मयत पडलं तरी खालच्याला वास आल्याशिवाय कळत नाही."

पोरांत खसखस पिकली. वदीअलाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं, आणि औद पिठाच्या गोणीतून शिवलेल्या पिशवीत घातलं. एवढं नम्र वागणं रस्मियाला आवडलं नाही. भांडायला आलेल्या माणसाला समोरून थोडं तरी भांडण मिळायला हवं. ती वळली, चार पावलं चालली आणि थबकली. झग्याला ओढ लागत नव्हती.

मयार ताडपत्रीच्या खांबाशी उभी होती, हात खांबावर. नजर त्या गोणीच्या पिशवीवर, जणू आत कुणी जिवंत आहे. मूठ उघडी होती.

"मयार!"

पोरगी दचकली, धावत आली आणि टोक धरलं. रस्मियानं हे पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

---

गाणं बंद झालं. दोन दिवसांनी शेजारच्या तंबूतली उम्म हातिम निरोप घेऊन आली. ही बाई म्हणजे छावणीचं वर्तमानपत्र. फरक एवढाच की हिला पैसे द्यावे लागत नसत.

"उम्म आदिल," ती म्हणाली, कारण उम्म म्हणजे आई, आणि आदिल हा रस्मियाचा थोरला मुलगा, परदेशात होता, "उस्ताद विचारतोय, गाणं नाही तर नाही, चित्रं काढू का म्हणून. एका संस्थेनं रंग पाठवलेत. रंगाला काही आवाज नसतो."

"मला कशाला विचारतो? मी काय मुख्याध्यापिका आहे?"

"तुझी भीती बसलीय त्याला. चष्म्याची दुसरी काडी तुटेल म्हणतो."

रंगाला आवाज नसतो, हे रस्मियाला पटलं. शिवाय मयार सकाळपासून झग्याचं टोक चघळत होती, त्याला भोक पडायची वेळ आली होती. म्हणून ती मसुराचं ताट घेऊन ताडपत्रीच्या कडेला जाऊन बसली. डाळ निवडायला उजेड लागतो, एवढंच. मयार तिला टेकून बसली, मग थोडी पुढे सरकली, मग आणखी थोडी. कागदापर्यंत पोचली तेव्हा झगा सुटला होता.

रस्मिया खडे वेचत होती आणि तिरप्या नजरेनं बघत होती. पोरगी घराचं छत काढत होती. बैत हानूनचं छत, यात शंकाच नाही. पाण्याची काळी टाकी, टाकीवर ती आगाऊ कोंबडी, जी कुणाच्या बापाला सापडायची नाही. दोरीवर कपडे, आणि कपडे वाळत घालणारी सहर. सहरचे हात तिनं फार लांब काढले होते. पण खरंच लांब होते ते. खालून कपड्यांची बादली वर देताना रस्मियानं कितीदा म्हटलं होतं, "तुला शिडी कशाला लागते, बाई?"

दुपारच्या नमाजानंतर पांढरं जाकीट घातलेला एक माणूस आला. रंग पाठवणाऱ्या संस्थेचा. जाकीट इतकं पांढरं की इथे, जिथे साबणाची एक वडी चार तंबूंत फिरते, तिथे डोळ्यांना टोचत होतं. तो पोरांमागून वाकून वाकून बघत फिरला, फोनवर फोटो काढत. मयारपाशी थांबला.

"वा, छान! पण बेटा, तुझ्यावर जे गुजरलं ते काढ ना. विमान कुठाय?"

"तेव्हा विमान नव्हतं," मयार म्हणाली.

"पण नंतर आलं ना? हे बघ, इथे वर जागा आहे. लाल रंग घे. हो, लाल."

पोरगी गुणी. मोठ्यांनी सांगितलं की करायचं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. तिनं लाल खडू उचलला, आणि कुठून सुरू करावं हे न समजून सहरच्या कपड्यांवर टेकवला.

मसुराचं ताट वाळूत उलटलं. आपण कधी उठलो हे रस्मियाला कळलंच नाही. तिचा पंजा कागदावर होता.

"काय सांगितलंस हिला? पुन्हा सांग. माझ्या तोंडावर सांग."

"हज्जा, ऐकून तर घ्या. परदेशात प्रदर्शन भरणार आहे. लोकांना कळायला हवं..."

"अजून कळलं नाही? इतके दिवस आमच्या डोक्यावर आग पडतेय, ती त्यांच्या एवढाल्या टीव्हीत दिसत नाही, आणि या पोरीच्या वीतभर कागदावर दिसणार? झोपलेल्याला जागं करता येतं रे, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? तू? लाल खडूनं?"

"चित्र बघून माणसाचं मन हलतं, हज्जा. मन हललं की मदत येते."

"मग हे दाखव त्यांना, जसं आहे तसं! ही हिची आई. छतावर कपडे वाळत घालतेय. टाकीवर कोंबडी आहे. ही जिवंत होती तेव्हा ज्यांना दिसली नाही, त्यांना ती मेलेली बघायची हौस कसली? आणि ती हौस पुरवायची कुणी, तर हिनं? स्वतःच्या हातानं आईला रक्त फासायचं?"

त्या माणसानं फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "माझाही भाऊ गेलाय, हज्जा."

"मग तुला दुप्पट लाज वाटायला हवी," रस्मिया म्हणाली. आणि रीत ती रीत, म्हणून पुढे जोडलं, "अल्लाह त्याच्यावर रहम करो. आता निघ."

तो निघाला. न उघडलेली रंगांची दुसरी पेटी काखेत मारून निघाला. वापरातले खडू पोरांनी एव्हाना झिजवून टाकले होते, तेव्हा चित्रंही संपली. पोरं उठून कुठे कुठे पांगली. दोघं पुन्हा कचऱ्यात प्लास्टिक शोधायला गेली. मयार परत येऊन चिकटली, टोक तोंडात घेऊन.

वदीअ वाळूतला मसूर गोळा करू लागला, दाणा दाणा.

"आज तुम्ही बोललात ते मला बोलता आलं नसतं," तो म्हणाला. "मग हज्जा, आता औद काढू का?"

"का? माझ्या लेकीचा दुखवटा त्याच्या पेटीबरोबर गेला का?"

"तसं नाही. पण तुम्ही गाणं थांबवलंत, त्यानं रंग नेले. पोरांना काय उरलं? या मयारचं बघा. दोनदा झगा सोडला तिनं. मी पाहिलंय. तुम्हीही पाहिलंय."

हे तिला वर्मी लागलं, म्हणून तिनं आवाज चढवला. "नियम मला शिकवू नकोस. आमच्यात गाणं-बजावणं करायचं झालं तर आधी दुखवट्याच्या घरी जातात. वडीलधारी मंडळी जातात, खाली बसतात, गेलेल्याच्या नावानं फातिहा म्हणतात. समोर आलेली कॉफी खाली ठेवतात आणि म्हणतात, तुम्ही हो म्हणाल तर पिऊ. घरचे 'प्या' म्हणाले, मग ढोल. याला म्हणतात जाहा. तू आलास विचारायला? कुणाकडेच गेलास?"

"कुणाकुणाकडे जाऊ, हज्जा? इथे एक तरी तंबू आहे का जिथे कुणी गेलेलं नाही?"

"मग प्रत्येक तंबूत जा! पाय मोडलेत?"

आता हे बोलणं टोमणा होता. गावातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल की टोमणा आहे. पण वदीअ पडला शहरातला, आणि त्याच्यामागे उभी असलेली पोरांतली सुलाफ पडली बारा वर्षांची.

---

दुसऱ्या दिवशी मयार दुपारी झोपली होती, तेवढ्यात रस्मिया पाण्याला गेली. परत आली तर अंथरूण रिकामं. हातातला पाण्याचा कॅन तिथेच पडला. छावणीत पोर दिसेनासं झालं की बाईच्या डोळ्यांपुढे काय काय येतं, ते बोलायची सोय नाही. ती घोंगडी भिरकावून बाहेर आली आणि उम्म हातिमवर आदळली.

"मयार!"

"आहे, आहे, जीव घेशील माझा! जाहाबरोबर गेलीय."

"कुठली जाहा?"

"उम्म आदिल, तुझ्या तोंडाला एखादं कुलूप लाव गं. तू म्हणालीस प्रत्येक तंबूत जा, आणि निघाली की वरात! रांगेतल्या पहिल्या तंबूपासून चाललीत. ती सुलाफ पुढे, बापाचा कोट घालून. बाह्या चार वेळा दुमडल्यात तरी हात दिसत नाहीत. मागे दोन-दोनची रांग. उस्ताद बिचारा सगळ्यांत मागे, नव्या सुनेसारखा."

"मयार माझ्याशिवाय गेली?"

"आली आणि रांगेत उभी राहिली. मी विचारलं, आजीला सांगितलंस का. तर म्हणते, शेवटी तिच्याकडेच येणार आहोत."

रस्मिया खाली बसली. दम घ्यायला बसली, पण उम्म हातिमला वाटलं पुढचं ऐकायला बसली, आणि तिनं सगळं सांगितलं. पोरं प्रत्येक तंबूत जातात, बसतात, गेलेल्यांची नावं विचारतात. कुणी एक नाव सांगतं, कुणी सांगतच राहतं. मग फातिहा. मग सुलाफ मागणं घालते, उम्म हातिमच्या नवऱ्याकडून पाठ केलेलं. कॉफी तर कुणाकडेच नाही. कुणी चहा दिला, कुणी पाणी. एकीनं लाजून रिकामाच पेला पुढे केला, तर पोरांनी तोही खाली ठेवला, आणि ती 'प्या' म्हणाल्यावर रिकाम्या पेल्यातून घोट घेतला. कडेच्या तंबूतला म्हातारा, जो कधी कुणाशी बोलत नाही, त्यानं परवानगी दिली ती दिली, वर दोन गाण्यांची फर्माईशही केली.

"आणि माझ्याकडे आल्यावर काय झालं सांगू?" उम्म हातिमचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या हातिमचं नाव मी इथे आल्यापासून कुणापुढे मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. त्या कोटवालीनं विचारलं, आणि मी सांगितलं." तिनं नाक पुसलं. "ऊठ आता, कॉफी टाक. आज पाहुणे आहेत तुझ्याकडे, जन्मात पहिल्यांदा माणसासारखी वाग."

---

पोरं आली तेव्हा अस्राची, म्हणजे उतरत्या दुपारची, नमाज होऊन गेली होती. घोंगडीबाहेर चपला काढण्याची झोंबाझोंबी झाली, चपला म्हणजे काय, कुणाच्या एका पायात होती आणि कुणाच्या दोन्ही पायांत वेगवेगळी. मग सुलाफ आत आली. उजवा हात पुढे केला.

"अल्लाह तुमच्या सब्राचं फळ वाढवो."

रस्मियाच्या तोंडून आपोआप उत्तर गेलं, "अल्लाह तुमची पायपीट कबूल करो."

आयुष्यभरात तिनं हे किती मयतांच्या दारी ऐकलं होतं. पण सहरसाठी कुणी आलंच नव्हतं तिच्याकडे. पुरलं त्याच दुपारी हुकूम आला होता, जागा सोडा. ज्यांनी यायचं ते सगळे गाढवाच्या गाड्यांवर गाद्या बांधत होते. तीन दिवसांची बैठक नाही, कडू कॉफी नाही, हात हातात घेणारं कुणी नाही. सहर मेली आणि रस्मियानं चालायला सुरुवात केली, एवढंच.

दुसरा हात आला. तिसरा. लहान, चिकट, काळवंडलेले हात, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य, कुणाचं अर्धं, कुणाचं उलटसुलट. ती प्रत्येकाला पूर्ण उत्तर देत होती. मग एक हात आला, आणि तो मयारचा होता.

"तू इकडे ये," रस्मिया खरखरीत आवाजात म्हणाली, आणि मनगट धरून तिला आपल्या शेजारी उभं केलं. "तू घरची आहेस. घरचे हात घेतात, देत नाहीत."

मागून आलेल्या पोरांनी मयारलाही हात दिला. तिनं प्रत्येकाला सांगितलं, "अल्लाह तुमची पायपीट कबूल करो." झगा धरायला तिच्याकडे हात रिकामा नव्हता.

फातिहा झाली. सगळे बसले. मयार मात्र जाऊन पोरांच्या बाजूला बसली, ते रस्मियाला खटकलं. तिनं भाजलेल्या डाळीची काळी कॉफी एका कपात ओतली, सुलाफच्या हाती दिली. सुलाफनं कप वाळूवर ठेवला, कोटातून हात शोधून बाहेर काढला आणि घसा खाकरला, अगदी मिशीवाल्यासारखा.

"उम्म आदिल, आम्ही तुमच्या दारी मोठी आशा घेऊन आलो आहोत. तुमचं दुःख ते आमचं दुःख. रांगेतल्या सगळ्या घरांनी आमचा मान राखला. तुम्ही शेवटच्या आणि सगळ्यांत मोठ्या. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही गाऊ. नाही म्हणालात, तर ही कॉफी इथेच राहील आणि आम्ही गुपचूप उठू."

यावर घरच्यानं म्हणायचं असतं, 'प्या, तुम्ही जे मागायला आलात ते दिलं.' जाहाला नाही म्हणणारा माणूस रस्मियानं पाहिला नव्हता. पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तो दुसराच.

"सगळं नेलं माझं," ती म्हणाली. "घर नेलं. लेक नेली. तिला न्हाऊ घालायला पाणी नव्हतं. कफन नव्हतं, चादरीत गुंडाळली, तीही कुणाची तरी मागून आणलेली. हजार माणसं पोसतील एवढी जमीन होती माझ्या सासऱ्याची, आणि माझ्या लेकीला साडेतीन हात स्वतःची जागा नाही. शाळेच्या आवारात पुरली. वर नाव लिहायला दगड नाही. तिच्यासाठी करायला माझ्याकडे एकच गोष्ट राहिली होती, गप्प बसणं. तिच्या नावानं एवढ्याशा जागेत शांतता ठेवणं. आणि तुम्ही तेही मागायला आलात? मागा! सगळेच मागतात माझ्याकडे, तुम्ही का मागे राहता? त्यांनी तर मागितलंसुद्धा नाही. विचारायला आले होते का ते? कुणी येऊन माझ्यापुढे कप ठेवला का? पोरांनो, बारा-बारा वर्षांची तुम्ही, दारोदार परवानगी मागत फिरताय गाणं म्हणायला! गाणं! आणि ज्यांनी आम्हाला मारून टाकलं, त्यांना विचारणारं या दुनियेत कुणी नाही!"

घोंगडीबाहेर वदीअ उभा होता. सुलाफ कपाकडे बघत बसली. याचं उत्तर तिला कुणी पाठ करून दिलं नव्हतं. बारकं पोरगं कुजबुजलं, "सुलाफ, गार होतंय," आणि त्याला पुन्हा कोपर बसलं.

मग मयार बोलली. सित्ती म्हणाली नाही. आजीला सित्ती म्हणतात, पण ती जाहाच्या बाजूनं बसली होती.

"हज्जा," ती म्हणाली, "आम्ही सहरच्या घरच्यांना विचारायला आलो."

"सहरची घरची मीच."

"आणि मी."

रस्मियानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"मला गायचंय," मयार म्हणाली. "गप्प असलं की मला घर पडल्याचा आवाज येतो. तू गप्प बसतेस ना, तेव्हा तर फार मोठ्यानं येतो. मी तुला सांगत नाही, तू रागावशील म्हणून. त्या दिवशी ते गात होते, तेव्हा आला नाही."

रस्मियाच्या मनात आलं, की इतके दिवस ही पोरगी झगा धरून माझ्यामागे फिरत होती, आणि मी समजत होते तिला माझा आधार आहे. ती त्या आवाजात एकटी उभी होती, आणि मी तिच्याभोवती आणखी शांतता रचत होते, विटेवर वीट. तिला राग आला. पण समोर बसलेल्या कुणाचा तो राग नव्हता, म्हणून त्याला ठेवायला तंबूत जागा नव्हती.

"प्या," ती म्हणाली.

सुलाफला कळलं नाही. "काय म्हणालात?"

"बहिरी आहेस? प्या म्हटलं! जे मागायला आलात ते दिलं. आणि पूर्ण संपवायची. डाळ फुकट येत नाही."

कप फिरला. प्रत्येकानं एकेक घोट घेतला आणि प्रत्येकाचं तोंड वाकडं झालं. बारकं म्हणालं, "हज्जा, ही जळलीय."

"तुझी जीभ जळलीय. ऊठ."

रीत अशी, की परवानगी दिल्यावर दुखवट्याच्या घरातल्या बाईनं स्वतः पहिली आनंदाची आरोळी द्यायची, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जातो. दारातून डोकावलेली उम्म हातिम तिच्या तोंडाकडे बघत होती. "ते माझ्याकडून होणार नाही," रस्मियानं तिला ठणकावलं. "तेवढं मागू नका." कुणी मागितलं नाही.

पोरं बाहेर गेली. मयार त्यांच्याबरोबर गेली, मागे न बघता, आणि ते बरंच झालं, कारण मागे बघण्यासारखा आजीचा चेहरा नव्हता. घोंगडी पुन्हा खाली पडली. रस्मिया एकटी बसली, रिकामा कप हातात.

समोर औद लागलं. गाणं सुरू झालं, पण कसं? तिच्या तंबूचा मान म्हणून पोरं ओठांतल्या ओठांत गात होती. वदीअ तारेला बोट लावत होता की नाही, कोण जाणे. वरच्या ड्रोनची भणभण त्या गाण्याला सहज गिळत होती. रस्मियानं कान देऊन मयारचा आवाज शोधला. सापडेना. थोडा वेळ तिनं धीर धरला. तिच्या मानानं पुष्कळच धरला.

मग घोंगडीमागून तिचा आवाज आला, आणि तो रांगेतल्या शेवटच्या तंबूपर्यंत गेला.

"ए रिमालवाल्या! परवानगी घेतलीत ना सगळ्यांची? मग चोरासारखं काय कुजबुजताय? माझी नात मला ऐकू येत नाहीये. मोठ्यानं म्हणा!"

गाणं तुटलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. वदीअनं चष्मा सावरला, औद छातीशी घट्ट घेतलं आणि पहिल्यापासून धरलं, या वेळी सगळा हात लावून.